एअर गनला लायसन्स लागत नाही, मग कस्टमवाले का अडवतात?

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो आणि आत्याची द्राक्षबाग निफाडकडे आहे. बागेत मणी भरायला लागले, गोडी उतरायला लागली की पाखरांचे थवे येतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला सांगायची गरज नाही. तर डिसेंबरात त्याचा फोन आला, दादा, इथल्या दुकानात एक झकास एअर रायफल घेतलीये, जानेवारीत येतोय तेव्हा बॅगेत टाकून आणतो, आईला बागेत पाखरं हाकलायला होईल, आणि तसंही भारतात एअर गनला लायसन्स लागतच नाही ना.

हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकावं असं ठरवलं. माझं काम द्राक्षाच्या कंटेनरच्या कागदपत्रांचं, म्हणजे कस्टमशी रोजचा संबंध, आणि माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते म्हणून रेंजवरच्या पालकांमध्येही माझं उठणंबसणं. दोन्हीकडे हाच गैरसमज दिसतो. घरात ठेवायला लायसन्स लागत नाही म्हणजे बाहेरून आणायलाही काही लागत नाही, असं लोक धरून चालतात. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, कायदे वेगळे आहेत आणि बघणारी खातीही वेगळी आहेत.

आधी घरातलं प्रकरण घेऊ. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात फायरआर्मची व्याख्या अशी केलीये की स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकून मारणारं हत्यार. ते दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या हे शब्द नीट वाचा, कारण दाबलेली हवा, स्प्रिंग, गॅस सगळं त्यात येतं. म्हणजे मुळात एअर गन ही कायद्याच्या नजरेत फायरआर्मच आहे, खेळणं नाही. अमेरिकेत याच्या बरोब्बर उलटं आहे, तिथल्या केंद्रीय कायद्यात फायरआर्म म्हणजे स्फोटकाच्या जोरावर चालणारं हत्यार, त्यामुळे एअर गन त्यातून आपोआप सुटते आणि बऱ्याच राज्यांत खेळाच्या सामानाच्या दुकानात बॅट-बॉलच्या शेजारी लावलेली दिसते. आतेभावाची चूक झाली ती इथंच. त्याने तिथलं दुकान बघून इथला कायदा ठरवला.

मग आपल्याकडे लायसन्स लागत नाही असं लोक म्हणतात ते खोटं आहे का, तर नाही, पण ते अर्धंच आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये जी पहिली अनुसूची आहे त्यात सांगितलंय की ज्या एअर गनची नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा, म्हणजे १५ फूट-पाउंडपेक्षा, जास्त आहे किंवा जिचा बोअर, नळीची आतली रुंदी, ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा, जास्त आहे ती लायसन्सच्या यादीत. या दोन्ही मर्यादांच्या आत जी बसते तिला घरात ठेवायला लायसन्स नाही. दोन्ही हा शब्द महत्त्वाचा. एक मर्यादा पाळली आणि दुसरी ओलांडली तरी तुम्ही लायसन्सच्या बाजूला गेलात.

आता हे ज्यूल म्हणजे काय ते एकदा हातावर घेऊन बघू, कारण यावरच सगळं अडतं आणि गणित शाळेतलंच आहे. छर्रा बघितला असेल तर आठवेल, डमरूसारखा मध्ये बारीक असतो, मागून पोकळ, तळहातावर ठेवला तर वजन जाणवतसुद्धा नाही. त्या छर्‍याचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, वेगाला वेगाने गुणायचं, त्याला वजनाने गुणायचं आणि २००० ने भागायचं, आलं उत्तर ज्यूलमध्ये. माझ्या मुलीच्या मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग १७० च्या आसपास. १७० गुणिले १७० म्हणजे २८,९००, गुणिले ०.५३, भागिले २०००, आले साडेसात-पावणेआठ ज्यूल. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये जी बंदूक खेळतात ती २० च्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि याचं कारण सोपं आहे, दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही, नेम लागतो.

आता खोक्यावर १००० एफपीएस असं मोठ्या अक्षरात छापलेली रायफल घ्या. एफपीएस म्हणजे फूट प्रति सेकंद, त्याला ३.२८ ने भागलं की मीटर, म्हणजे जवळपास ३०५. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर उत्तर येतं २३ च्या वर. बोअर ४.५ असला तरी ही मर्यादेबाहेर. बऱ्याचदा खोक्यावरचा वेग खूप हलक्या छर्‍यावर मोजलेला असतो, जाहिरातीला आकडा मोठा दिसावा म्हणून, आणि शिशाच्या नेहमीच्या छर्‍याला तोच वेग येत नाही, पण तपासणाऱ्या माणसाच्या हातात आधी खोकंच असतं. त्यामुळे आपण आपल्याच हाताने मोठा आकडा मिरवत आणतो.

आणि बोअरचा सापळा तर याहून मोठा. अमेरिका, इंग्लंडमध्ये ०.२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या एअर रायफली सर्रास मिळतात. समजा एखादी साडेपाचची रायफल ०.९३ ग्रॅमचा छर्रा २०० च्या वेगाने फेकते, गणित केलं तर १८.६ ज्यूल, म्हणजे वीसच्या आतच. तरीही बोअर ४.५ च्या पुढे म्हणून लायसन्स लागतंच. इंग्लंडात रायफलला १२ फूट-पाउंडपर्यंत, म्हणजे सव्वासोळा ज्यूलपर्यंत, सहसा सर्टिफिकेट लागत नाही, त्यामुळे तिथून येणारे म्हणतात की अहो ही तर तिथंही बिनलायसन्सची. असेल, पण इथं मोजायची पट्टी वेगळी आहे, ती नळीची रुंदीही मोजते.

आतेभावाला मी व्हॉट्सअपवर खोक्याचा फोटो पाठवायला सांगितलं. ०.२२, ८०० एफपीएस. म्हणजे २४४ मीटर, ०.९३ ग्रॅमच्या छर्‍याला जवळजवळ २८ ज्यूल. दोन्ही मर्यादा पार. शिवाय नळीच्या पुढे आवाज कमी करणारं जाड नळकांडं बसवलेलं. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत फायरआर्मचा आवाज किंवा जाळ कमी करायला बनवलेली जोडणीसुद्धा फायरआर्म म्हणूनच धरलीये, म्हणजे रायफल सोडा, नुसतं ते नळकांडं वेगळं आणलं तरी प्रश्न येऊ शकतो. सुटे भागही शस्त्राच्याच व्याख्येत येतात, तेव्हा नळी एका बॅगेत, दस्ता दुसऱ्या बॅगेत असली आयडिया कुणी सुचवली तर ऐकू नका, ती एक्स-रेमध्ये लपत नाही आणि वरून तुमचा हेतू लपवायचा होता एवढं मात्र सिद्ध करते.

आता दुसरं प्रकरण, सीमा ओलांडण्याचं. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सावकाश सांगतो.

शस्त्र कायद्याचं कलम १० म्हणतं की समुद्र, जमीन किंवा हवाई मार्गाने शस्त्र किंवा दारूगोळा भारतात आणायचा किंवा बाहेर न्यायचा तर त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. घरात ठेवायचं लायसन्स वेगळं, आणायचं वेगळं. या कलमाला एक परंतुक आहे की ज्याला कायद्याने ते शस्त्र बाळगायचा हक्क आहे तो स्वतःच्या वापरापुरतं वाजवी प्रमाणात आणू शकतो. वाचणारी हुशार मंडळी इथं बोट ठेवतात, की बघा, ४.५ ची वीस ज्यूलच्या आतली मला बाळगायचा हक्क आहे, मग मी आणणार. पण त्याच कलमात पुढे हेही आहे की प्रमाण वाजवी आहे का, वापर खासगीच आहे का याबद्दल कस्टम आयुक्ताला शंका आली तर तो माल अडकवून केंद्र सरकारच्या आदेशाची वाट बघू शकतो. आणि मुख्य म्हणजे शस्त्र कायदा हा एकटा पहारेकरी नाही. त्याच्या शेजारी परकीय व्यापाराचा कायदा उभा आहे, १९९२ चा, आणि त्याच्याखाली डीजीएफटी म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालय कुठला माल मोकळा, कुठला रिस्ट्रिक्टेड, कुठला बंद हे ठरवतं.

आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो, ज्याला आम्ही एचएस कोड म्हणतो. आमच्या ताज्या द्राक्षांचा ०८०६ पासून सुरू होतो, तसा शस्त्रांचा अख्खा चॅप्टर ९३ आहे. त्यात ९३०४ म्हणजे स्प्रिंग, हवा किंवा गॅसवर चालणाऱ्या बंदुका आणि पिस्तुलं. सुटे भाग ९३०५ मध्ये, आणि छर्रे ९३०६ मध्ये, काडतुसांच्याच रांगेत. होय, तो डमरूसारखा शिशाचा छर्रासुद्धा. एअर गन रिस्ट्रिक्टेड यादीत आहे, म्हणजे बंदी नाही पण डीजीएफटीकडून आधी परवानगी काढल्याशिवाय आणायची नाही. आणि या यादीत तुमची २० ज्यूलच्या आतली आणि बाहेरची असा भेद नाही, एअर गन म्हणजे ९३०४, विषय संपला. एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी हा लेख लिहिल्याचं मला समाधान.

तिसरा कायदा सीमाशुल्काचा, १९६२ चा. परवानगी नसताना आणलेला माल या कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीला पात्र होतो, ११२ खाली दंड लागू शकतो, जप्तीच्या आधी कलम १२४ ची नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकतात, आणि १२५ मध्ये जप्तीऐवजी दंड भरून माल सोडवायचा पर्याय आहे. या १२५ वर लोक फार भरवसा ठेवतात, की जास्तीत जास्त काय, दंड भरू आणि घेऊन येऊ. पण माल प्रतिबंधित प्रकारात मोडला तर तो पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, मागितला म्हणून मिळेलच असं नाही. आदेश पटला नाही तर कमिशनर अपील्सकडे ६० दिवसांत अपील करता येतं, ती मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजायची.

प्रवासी सामानाचं म्हणाल तर ड्यूटी-फ्री जो भत्ता मिळतो, ज्यात लोक परफ्यूम, चॉकलेटं, शूज आणतात, त्यात फायरआर्म बसतच नाही. किंमत कमी आहे म्हणून ग्रीन चॅनेलने, म्हणजे काही जाहीर करायचं नाही असं म्हणणाऱ्यांच्या वाटेने, निघून जाऊ हा विचार चूक. परदेशातलं बिऱ्हाड आवरून कायमचं परत येणाऱ्यांसाठी एक वाट ठेवलीये, एक बंदूक, तीही परवानगी असलेल्या बोअरची, परदेशात किमान वर्षभर स्वतःकडे असलेली, ड्यूटी भरून, आणि इथल्या अधिकाऱ्याचं वैध लायसन्स आधी हातात असेल तर. नंतर ती विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणाऱ्याला ही वाट नाही.

कुरियरने मागवली तर? रेंजवरचे एक पालक मला म्हणाले की परदेशी वेबसाइट नाशिकला डिलिव्हरी दाखवते, म्हणजे चालत असेल. वेबसाइट डिलिव्हरी दाखवते कारण तिला तुमचा पिनकोड कळतो, आपला चॅप्टर ९३ कळत नाही. पार्सल मुंबईत कुरियर टर्मिनलला किंवा परदेशी टपालाच्या कार्यालयात उघडलं जातं, आणि कागदावर मागवणारा म्हणून तुमचं नाव असतं, वेबसाइटचं नाही, त्यामुळे नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. गिफ्ट लिहिलं तरी फरक नाही, ड्यूटीची सूट घेऊन गिफ्ट पाठवायची सोय २०१९ च्या डिसेंबरातच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून, आणि रिस्ट्रिक्टेड माल गिफ्ट म्हटल्याने मोकळा होत नाही. खेळणं लिहिलं तर त्याहून वाईट, खोटी माहिती दिली हा वेगळा गुन्हा तर झालाच, वरून खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे, म्हणजे खेळणं म्हणूनही ते पार्सल सुटणार नाही.

आता आतेभावाचं काय झालं. त्याने तिकडे घेऊन ठेवलेली होती, दुकान परत घेईना, आणि त्याला वाटत होतं मी उगाच घाबरवतोय. मी त्याला हात जोडून एकच सांगितलं, आणायचीच असेल तर निदान लपवू नकोस, विमान कंपनीला आधी सांग, चेक-इन बॅगेत ठेव, आणि उतरलास की रेड चॅनेलला, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेला, जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग की एअर रायफल आहे, भारतात परवानगी नाहीये, ती कलम ८० खाली ठेवून घ्या. सीमाशुल्क कायद्याचं हे कलम ८० फार कमी लोकांना माहितीये. प्रवाशाने खरं डिक्लेअर केलं असेल तर त्याच्या विनंतीवरून अधिकारी तो माल तात्पुरता अडकवून ठेवू शकतो आणि परत जाताना देतो. पण ते खऱ्या डिक्लेरेशनवर उभं आहे. ग्रीन चॅनेलमधून जाताना पकडलं आणि मग कलम ८० आठवलं, तर ते लागू होत नाही.

रात्री दोनला उतरला, आम्ही बाहेर गाडी घेऊन उभे, आत्या मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेली. तो बाहेर आला पहाटे पाचला. अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली, रायफल बाहेर काढून नळी तपासली, नळीवर कोरलेला ०.२२ आणि सिरीयल नंबर बघून लिहून घेतला, छर्‍यांचे दोन डबे वेगळे मोजले, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट बघितलं, आणि शेवटी त्याच्या हातात पावती दिली. ती पावती त्याने मला गाडीत दाखवली, मोबाइलच्या उजेडात, वस्तूचं वर्णन, नंबर, सही, शिक्का. मी म्हटलं ही पासपोर्टच्या आत ठेव, पासपोर्टइतकीच जप. तीन आठवड्यांनी परत जाताना त्याने वेळ हाताशी ठेवून चार तास आधी विमानतळ गाठला, पावती दाखवली आणि रायफल परत नेली. रागावणं नाही, केस नाही. खरं बोलला म्हणून. त्या पहिल्या पहाटे कसाऱ्याचा घाट चढताना आत्या त्याला एवढंच म्हणाली, की पाखरासाठी एवढं कशाला रे करायचं होतं.

आणि पाखरांचं निघालंच आहे तर हेही सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात याचा संबंध थेट येतो. बंदूक कायदेशीर असली म्हणून तिने काहीही मारणं कायदेशीर होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच. बागेत येणारा मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर छर्रा झाडला तर द्राक्षाचं नुकसान राहील बाजूला. निफाड तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात तिथं, आणि ते अभयारण्याची हद्द बघून उडत नाहीत, आपल्या शेतावरूनही जातात. अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये एअर गन सरेंडर अभियान सुरू केलं, लोकांनी आपल्या एअर गन स्वतःहून सरकारजमा केल्या, कारण जंगलं शांत व्हायला लागली होती, पक्ष्यांचा आवाज कमी झाला होता. ही हलकी वाटणारी बंदूक किती नुकसान करू शकते याचं मला तरी दुसरं उदाहरण नको. आत्याच्या बागेला आम्ही यंदा जाळी लावली. खर्च आला, पण तीच जाळी पुढची काही वर्षं चालेल.

मग बाहेरून एअर रायफल येतच नाही का, तर येते, खेळाडूंसाठी येते, आणि रेंजवरच्या पालकांना हा भाग जास्त कामाचा. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण घेतलं, २०१२ ला लंडनमध्ये गगन नारंगने त्याच प्रकारात कांस्य, २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये दोन कांस्य, त्यातलं एक सरबज्योत सिंगबरोबर. या पातळीवर वापरली जाणारी रायफल-पिस्तुलं जास्त करून जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडकडची, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, स्टायर, पार्डिनी, मोरिनी ही नावं रेंजवर रोज ऐकू येतात. आपल्या कोल्हापूरकडचा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला कांस्य जिंकला तो मात्र ५० मीटरमध्ये, ती रायफल ०.२२ ची आणि खऱ्या काडतुसाची, तिला लायसन्स लागतंच, तेव्हा ०.२२ म्हटलं की एअर आणि काडतुसाची यात गोंधळ करू नका. अर्ज भरताना झालेला हा गोंधळ मी बघितलाय.

खेळाडूंसाठीची वाट अशी की नामांकित नेमबाज आणि रायफल क्लब यांना स्वतःच्या वापरासाठी आयातीची मुभा आहे, क्रीडा मंत्रालयाच्या शिफारशीवर. नामांकित म्हणजे आपल्याला वाटलं म्हणून नाही, रेंजवर ज्याला रिनाउन्ड शॉट म्हणतात तो दर्जा, राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर मारून मिळवायचा. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ ची संस्था, तिच्यामार्फत हे सगळं चालतं, आणि त्याखाली आपली राज्याची असोसिएशन मुंबईत वरळीला. क्रीडासाहित्याला कस्टम ड्यूटीत सवलत द्यायची तरतूद १९९४ च्या नोटिफिकेशनपासून चालत आलीये, पण ती अटींवर मिळते, खेळाडू म्हणून ओळख आणि शिफारशीचं पत्र दोन्ही लागतं. म्हणून रेंजवर ज्याचं मूल सहा महिने झाले खेळतंय त्याने परदेशातल्या मामाला रायफल आणायला सांगू नये. क्लबची रायफल वापरावी, किंवा भारतात बनलेली ४.५ ची घ्यावी, नाहीतर रीतसर आयात केलेली डीलरकडून बिलावर घ्यावी. दुकानदार ओळखपत्र मागेल, पत्ता लिहून घेईल, ते द्यायचं.

ड्यूटी कशी लागते तेही थोडक्यात. मालाची किंमत, विमानभाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते त्यावर बेसिक ड्यूटी. त्या ड्यूटीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. नुसतं गणित कळावं म्हणून समजा रक्कम एक लाख, बेसिक १० टक्के, आयजीएसटी १८ टक्के धरलं, तर १०,००० अधिक १,००० अधिभार, झाले १,११,०००, त्यावर १९,९८०, एकूण १,३०,९८०. खरा दर दरवर्षी बजेटमध्ये हलू शकतो, तो त्या दिवशीचा आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या वेबसाइटवर, बघायचा, दोन वर्षांपूर्वी कुणी भरला त्यावर जाऊ नका.

एक गोष्ट सिलिंडरची. आजच्या मॅच रायफलला नळीखाली हवेचं सिलिंडर असतं, २०० बारपर्यंत भरतात, त्यावर छोटा गेज असतो आणि तारीख कोरलेली असते, दहा वर्षांनी ते बाद. विमानात नेताना ते पूर्ण रिकामं करून, उघडं करून न्यायचं. गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्याला सिलिंडर म्हणतात, रायफलवरचं त्याहून लहान असतं म्हणून सुटतं, पण भरायला जे मोठं डायव्हिंगचं सिलिंडर लागतं ते यात येतं आणि त्याच्या आयातीला पेसोची मंजुरी लागते, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेलं स्फोटक खातं. रायफलची सगळी कागदपत्रं झाली आणि सिलिंडर अडकलं असं होऊ नये.

लायसन्सवाली एअर गन हवीच असेल तर नाशिक शहरात राहणाऱ्याला पोलीस आयुक्तालयात, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर अशा ग्रामीण भागातल्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आधी लायसन्स, मग बंदूक, हा क्रम उलटा करू नका. बागेत पाखरं येतात हे कारण सांगून काही पुढे सरकेल असं मला वाटत नाही.

आणि सेकंडहँड. सीनियर मुलं नवीन रायफल घेतात तेव्हा जुनी ज्युनियरकडे जाते, ही चांगली पद्धत आहे, माझ्या मुलीचीही तशीच आली. पण पैसे द्यायच्या आधी मी त्यांच्याकडून बिल ऑफ एंट्रीची झेरॉक्स मागितली, म्हणजे ती रायफल कस्टममधून रीतसर सुटली त्याचा कागद, कारण सवलतीत आणलेली असेल तर पुढे विकायला अटी असू शकतात आणि त्या घेणाऱ्याच्या गळ्यात येतात. त्यांनी शोधून दिली, थोडी मळलेली, घडीवर फाटलेली. मग रेंजवरच्या बाकावर रायफल आडवी ठेवून मोबाइलचा टॉर्च मारला आणि मी सिरीयल नंबरचा एकेक आकडा वाचत गेलो, मुलगी कागदावर बोट ठेवून हो हो म्हणत गेली, शेवटचा आकडा जुळला तेव्हा तिने रायफल उचलून खांद्याला लावली.